झिजेची बखर

धरमतरच्या खाडीचे मुख जेथे मुंबई बंदराच्या विस्तीर्ण पाण्याला मिळते, तेथे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला रेवसचा धक्का आहे. आणि या धक्क्याच्या आसपास ज्याने एखाददुसरा पावसाळा काढला असेल, त्याला कोणत्याही वस्तूचे वय तिच्या अंगावरून कसे ओळखावे हे निराळे शिकवावे लागत नाही. लोखंडी साखळीवर तांबडा गंज पापुद्र्यापापुद्र्यांनी चढतो. होडीच्या न रंगवलेल्या फळ्या उन्हापावसाने करड्या पडतात, परंतु त्यांतील खिळ्यांच्या डोक्यांपासून तपकिरी ओघळ खाली उतरतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबूस असे काहीच दिसत नाही, तेथे जमते ती पांढरी भुकटी. आणि लाँचचा रंग प्रथम उडतो तो उतारूंचे पाय, दोरखंडांचे वेढे व धक्क्याची कड यांचे घर्षण जेथे नित्य होते तेथेच. खाऱ्या वाऱ्याचा अंमल सर्वांवर सारखाच चालतो, तथापि प्रत्येक द्रव्य त्याची कैफियत आपापल्या भाषेत लिहून ठेवते.

ही गोष्ट आरंभी सांगण्याचे कारण असे की, गेल्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, आणि ज्याचे थोडे वेड प्रस्तुत लेखकालाही आहे, त्याचा निम्मा भाग अशा प्रकारच्या वाचनावरच उभा आहे. या छंदात मनुष्य प्रथम अतिशय निगुतीने एक निर्दोष, कोरे करकरीत विमान तयार करतो, आणि ते तयार झाले की तितक्याच निगुतीने त्याला जुने करावयास बसतो: रंग उडवतो, तेलाचे ओघळ काढतो, धुराचे पट्टे ओढतो, चाकांना चिखल लावतो. बाहेरच्या माणसाला हा उद्योग विक्षिप्त वाटतो यात नवल नाही. वस्तुतः प्रतिकृतीचा आकार मोजमापाने साधतो व तो कोणालाही साधता येतो. तिची झीज मात्र मोजमापाने साधत नाही, तिला इतिहास ठाऊक असावा लागतो.

या छंदाचे स्वतःचेही एक चरित्र आहे आणि ते युद्धाशी जखडलेले आहे. १९३२ साली इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी विमानांचे संच निघाले. जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थांनी त्यांची आखणी करताना एक इंच म्हणजे सहा फूट, अर्थात १:७२, हे प्रमाण धरले. फुटाइंचांच्या हिशेबाला सोयीचे असे हे प्रमाण इतके रुजले की, दशमान पद्धती आली तरी ते हललेले नाही. १९३६ साली ‘फ्रॉग’ या कारखान्याने त्याच प्रमाणात ‘पेंग्विन’ नावाची माला काढली आणि तीत लाकडाऐवजी प्लॅस्टिकचे सुटे भाग आले. त्यानंतर तीनच वर्षांत युद्धाला तोंड लागले आणि मुलांचे हे खेळणे एकाएकी सरकारी दफ्तरात जमा झाले. आकाशात दिसणारी काळी आकृती आपली की शत्रूची, हे क्षणार्धात ओळखण्यावर विमानवेधी तोफांवरील माणसांचे व त्याहून अधिक स्वपक्षाच्या वैमानिकांचे प्राण अवलंबून होते. आणि ही ओळख पटवण्याचे सर्वात स्वस्त साधन म्हणजे काळ्या रंगाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती होय. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवर धरली की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जसे दिसेल तशी ती दिसते. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ च्या आरंभी देशातील शाळांकडे अशा पाच लाख प्रतिकृतींची मागणी केली आणि सुतारकामाच्या तासाला बसलेली मुले जर्मन व जपानी विमाने कोरू लागली. युद्धाच्या धामधुमीत बालकांचा छंद राष्ट्रकार्यात भरती झाल्याचे दाखले इतिहासात आहेत. परंतु इतक्या मोठ्या प्रमाणावरचा दुसरा दाखला सहसा आढळणार नाही.

मात्र सरकारने छंदाला एका हाताने जे दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. प्रतिकृती करणाऱ्यांचे लाडके लाकूड म्हणजे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून येणारे बाल्सा. ते वजनाला कापसासारखे आणि चाकूला लोण्यासारखे. युद्धकाळी ते एकाएकी दुर्मिळ झाले, कारण ‘मॉस्किटो’ नावाच्या झपाट्याच्या विमानाची काया दोन पातळ लाकडी थरांच्या मध्ये बाल्सा भरून बनवली जात असे. छोट्या विमानांचे लाकूड खऱ्या विमानाने पळवले, असा हा न्याय झाला. आपल्याकडे बाल्साची उणीव तितकीशी भासण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी ज्यातून पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळे व खेळणी कोरली तो पांगारा कोकणात मुबलक आहे. हलकेपणात तो बाल्साच्या पासंगालाही पुरत नाही हे खरे, परंतु कोरण्यास तो अत्यंत सुशील आहे. बाशिंगे ज्याची करतात ते भेंड तर बाल्साच्या फार जवळ जाते, फक्त त्याला ताकद नाही.

युद्ध संपल्यावर सारा व्यवहार प्लॅस्टिकच्या हाती गेला. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली काढलेल्या ‘एअरफिक्स’ या कारखान्याने आधी हवा भरण्याची रबरी खेळणी व नंतर फण्या विकल्या, १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जुने गलबत स्वस्त पिशवीत घालून बाजारात आणले, आणि पुढल्याच वर्षी १:७२ प्रमाणातील ‘स्पिटफायर’ विकावयास काढले. ते स्पिटफायर आकाराने ओबडधोबडच होते; तरी या छंदाचा सार्वत्रिक प्रसार तेथून सुरू होतो. आपल्याकडे विमानांच्या प्रतिकृतींना शिस्तीची शाळा मिळाली ती नॅशनल कॅडेट कोअरच्या हवाई शाखेत. १९५० च्या एप्रिलमध्ये मुंबई व कलकत्ता येथे एकेक पथक काढून त्या शाखेचा प्रारंभ झाला, आणि पुढे तिच्या अभ्यासक्रमात एअरोमॉडेलिंगला कायमचे स्थान मिळाले. त्या विमानांचा कटाक्ष उडण्यावर होता. ती पडत, मोडत, पुन्हा चिकटवली जात, आणि त्यांना मुद्दाम जुने करावे अशी कोणाला गरज वाटत नसे. बसल्या जागी शोभणाऱ्या प्रतिकृतीवर झीज चढवण्याचा परिपाठ पुष्कळ उशिरा, १९७० च्या सुमारास, बळावला. शिकागोचे शेपर्ड पेन यांनी ‘मोनोग्रॅम’ कंपनीच्या संचांसोबत दिल्या जाणाऱ्या पत्रकांतून हे दाखवून दिले की, विमान एकटे ठेवण्यापेक्षा त्याच्या भोवतीची जमीन, माणसे व मोडतोड यांच्यासह ठेवले तर ते बोलू लागते; आणि मग हजारो हात रंग खरवडू लागले.

आता प्रश्न असा की, रेवसला राहणाऱ्या माणसाने कोणते विमान करावे? महायुद्धाची एकही प्रत्यक्ष लढाई या किनाऱ्यावर झाली नाही. परंतु युद्धाचा माल येथून समोर दिसणाऱ्या बंदरातूनच उतरत होता, आणि त्या मालाची सर्वात भयानक पावती या पाण्यावरच फाडली गेली. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले तेव्हा त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि खोक्यांत बंद केलेली स्पिटफायर विमाने होती. विमाने कराचीला उतरली. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाचे हजारो गठ्ठे, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक असा जो मिळेल तो माल भरण्यात आला आणि जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. दोन दिवसांनी दुपारी त्या कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आत त्याहून मोठा दुसरा. ‘जलपद्म’ नावाचे जहाज उचलले जाऊन गोदीच्या शेडवर जाऊन आदळले. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. अग्निशामक दलाचे ६६ जण कामावर असताना मृत्यू पावले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर आजही पाळला जातो. सिमल्यापर्यंत पोहोचलेला तो हादरा पाण्यापलीकडच्या रेवसला जाणवला नसेल हे संभवत नाही. एखाद्या विमानाची सुटका आणि एका शहराचा घात यांचा संबंध इतक्या साध्या हमाली कामाने जुळावा, हे युद्धाच्या इतिहासातील अनेक कडू योगायोगांपैकी एक आहे. खोकी कराचीला उतरली नसती तर ती जागा कापसाला मिळाली नसती.

म्हणून प्रस्तुत लेखकाची निवड स्पिटफायरवर पडली, आणि त्यातही ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ व्या पथकाच्या विमानावर. या पथकाचे अधिकृत नावच ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असे होते. १९४० पासून स्पिटफायरच्या नावाने जागोजागी युद्धनिधी उभे राहिले, पाच हजार पौंड दिले की एक विमान दिल्याचे श्रेय मिळू लागले, आणि मोठ्या देणग्यांची पोच म्हणून पथकांना दात्यांची नावे लावण्यात आली. निजामाच्या हैदराबादला अशी पथके मिळाली, तशीच मुंबईला ही. १९४१ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे ते नव्याने उभारले गेले. १९४४ च्या पूर्वार्धात त्याचे नेतृत्व जेफ्री पेज यांच्याकडे होते. १९४० च्या ऑगस्टमध्ये पेटत्या हरिकेनमधून उडी टाकताना ज्यांचे हात व चेहरा भाजून निघाला आणि शल्यचिकित्सक आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी वारंवार शस्त्रक्रिया करून ज्यांना पुन्हा माणसांत आणले, तेच हे पेज. मुंबईचे नाव लावणाऱ्या पथकाचा हा पुढारी मुंबईत किती जणांना ठाऊक असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, हे विमान आपले कसे? ज्या सरकारच्या पोलिसांनी खाडीपलीकडील चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रहात गोळ्या चालवल्या, ज्याने १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवरील सभेनंतर रातोरात पुढाऱ्यांना गजाआड केले, त्याच सरकारच्या विमानावर मुंबईचे नाव असणे ही गौरवाची गोष्ट आहे की नामुष्कीची? आक्षेप रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. परंतु ज्या पैशाने ते नाव विकत घेतले गेले तो पैसा याच मुलखातील होता, आणि इतिहास केवळ आपल्याला प्रिय असलेल्या वस्तूंच्याच प्रतिकृती करू लागला तर त्याची कपाटे लवकरच रिकामी पडतील. शिवाय त्याच आकाशात भारतीय हवाई दलाचे आपले वैमानिकही होते: १९४४ साली इंफाळवर अर्जन सिंग यांच्या हाताखालील पहिल्या पथकाची हरिकेन विमाने शत्रूच्या हालचाली टिपत होती, आणि १९४० साली या दलात दाखल झालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ मध्ये त्याचे सरसेनापती झाले.

‘सिटी ऑफ बॉम्बे’ पथक १९४५ च्या आरंभी पूर्वेकडे, हिंदुस्थान व सिंहलद्वीपाच्या बाजूला आले तेव्हा त्याच्याकडे आठव्या जातीची स्पिटफायर विमाने होती. त्यांच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे आपल्या प्रमाणात सहा इंचांहून किंचित अधिक. तळहातावर मावेल इतके हे विमान. रंगवताना पहिली चूक होते ती वर्तुळाकार निशाणीत. ब्रिटिश विमानांच्या निशाणीचा मध्य तांबडा असे हे सर्वांना पाठ असते. परंतु ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तांबडे वर्तुळ म्हणजे जपानी सूर्य असा घोटाळा होऊन स्वकीयांचीच गोळी लागण्याचा धोका असल्याने या विभागातील विमानांवरून तांबडा रंग सरसकट काढून टाकण्याचा हुकूम झाला होता आणि दोन निळ्या छटांची लहान वर्तुळे तेवढी राहिली होती. युद्धाच्या अखेरीस ओळख अधिक ठळक व्हावी म्हणून पंखांवर व शेपटीवर पांढरे पट्टेही आले. सवयीने तांबडा ठिपका देणाऱ्याने आपल्याच हाताने आपले विमान शत्रूच्या स्वाधीन केले असे समजावे.

यापुढे झीज. तिचे पहिले कलम असे की, जे द्रव्य जसे झिजते तसेच ते झिजवावे. नवशिका मनुष्य एकदा का चंदेरी रंगाची कुंचली हातात धरतो की, विमानाच्या नखशिखांत धातू चमकवत सुटतो. स्पिटफायरच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे हे खरे, परंतु त्याचे सुकाणू कापडाने मढवलेले असते, आणि कापडावरचा रंग कितीही उडाला तरी खाली चांदी निघणार नाही. त्याच्या पंख्याची रोटॉल बनावटीची पाती दाबलेल्या लाकडाची असत. त्यांच्या कडा धूळवाळूने खरवडल्या जातात तेव्हा त्या मळकट गडद दिसतात, लखलखत नाहीत. हरिकेनच्या बाबतीत तर वैमानिकाच्या पाठीमागचा सारा धडच लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. आणि तांबडा गंज! तो चढवणारे महाभाग पाहिले की वाटते, यांना एक दिवस रेवसच्या धक्क्यावर आणून बसवावे आणि लोखंडी बोलार्डशेजारी ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून दोहोंतील फरक दाखवावा.

दुसरे कलम असे की, प्रत्येक डागाला कर्ता हवा. वैमानिक स्पिटफायरमध्ये डाव्या बाजूच्या लहान दारातून चढतो, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग घासलेला असतो. उजवीकडे तो तितका असण्याचे कारण नाही. इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात असल्याने तिच्या तोंडातून सांडलेले पेट्रोल कुशीवरून खाली ओघळते आणि रंगाला पुसट करते. चार ब्राउनिंग बंदुकांच्या तोंडांवर दमट हवा आत जाऊ नये म्हणून कापडाचे तांबडे तुकडे चिकटवलेले असत. ते शाबूत असतील तर त्या विमानाने अजून गोळी झाडलेली नाही, आणि ते फाटलेले असतील तर पंखाखाली, रिकामी काडतुसे जेथून गळतात तेथे, काळे पट्टे उमटलेच पाहिजेत. एक फाटलेले व दुसरे नाही अशी अर्धवट साक्ष कोर्टात टिकत नाही. एंजिनाच्या धुराड्यांमागचा डागही एकरंगी नसतो: शिसेमिश्रित पेट्रोल काटकसरीने जाळत विमान लांबच्या गस्तीवर असेल तर तो राखाडी-बदामी उतरतो, आणि मिश्रण दाट असेल तर काजळी. म्हणजे या एका पट्ट्याच्या रंगावरून विमान त्या दिवशी कोठे गेले होते याचा तर्क करता येतो. धुळीचेही तसेच आहे. इंग्लंडच्या हिरवळीवरील चिखलाचा काळपट-तपकिरी रंग पूर्वेकडील विमानाच्या चाकांना शोभणार नाही. दक्षिणेच्या तांबड्या मातीची जी बारीक धूळ उन्हाळ्यात कोकणातल्या गाडीवाटेवरून उडते आणि धोतराच्या काठातून महिनाभर जात नाही, तीच येथे हवी. कोरड्या रंगखडूची पूड करून मऊ कुंचल्याने ती चाकांवर व पंखांच्या मागील कडांवर निसटती लावावी.

रंग उडवण्याच्या ज्या रीती आहेत त्यांत सर्वात बहारीची रीत मिठाची. प्रथम सबंध विमानाला चंदेरी रंग देऊन तो पुरता वाळू द्यावा. मग जेथे रंग उडालेला दाखवावयाचा तेथे पाण्याचा हलका हात फिरवून त्यावर जाड्या मिठाचे कण चिमटीने सोडावेत व ते जागच्या जागी सुकू द्यावेत. सुकले की त्यांवरून हिरव्या व तपकिरी रंगाची फवारणी करावी. आणि तो रंग धरला की ताठ केसांच्या कुंचल्याने मीठ झाडून टाकावे. प्रत्येक कणाखाली चंदेरी धातू जशाचा तसा राहिलेला असतो, आणि त्याच्या कडा इतक्या वेड्यावाकड्या, इतक्या स्वाभाविक असतात की हाताने काढून त्या कधीच साधल्या नसत्या. खाडीच्या पलीकडे उरण-करंजाच्या बाजूला व पेणच्या खारपट्टीत मिठागरांची परंपरा असलेल्या या मुलखात हे मीठ दुकानातून मोजूनमापून आणण्याची पाळी येत नाही, ही एक सोय. अडचण मात्र ऋतूची आहे. आषाढात या हवेत मीठ सुकतच नाही. कण पाझरतात, एकमेकांत मिसळतात आणि ठिपक्यांच्या जागी चट्टे होतात. त्याच दिवसांत फवारलेला रंगही दमट हवेने पांढुरका धुरकटतो. किनाऱ्यावर हे काम काढावे ते मार्गशीर्ष-पौषात, सकाळचे दव उडून गेल्यानंतर.

परंतु कौशल्य हाती आले की संयम सुटतो, हा या छंदाचा मोठा रोग आहे. आपल्या प्रमाणात एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावरील जवळजवळ तीन इंचांचा खपला; असे खपले शेकड्यांनी असतील तर ते विमान कोणत्याही शिस्तशीर पथकाच्या यादीत राहिले नसते. दुसरे असे की, युद्धातील लढाऊ विमानाचे आयुष्य महिन्यांत मोजावयाचे असे. त्याची झीज ही जरेची झीज नव्हे. ती धसमुसळ्या वापराची, थोड्या दिवसांत साठलेली, वरवरची झीज असते. याउलट रेवसचा मचवा पहा. पावसाळ्यात तो किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, बुडाला चुना आणि चरबी यांचे लेपन होते, वरच्या अंगाला मासळीचे तेल मुरवले जाते, फटींत कापूस व राळ ठासली जाते, आणि नारळी पौर्णिमेला तो पुन्हा पाण्यात जातो, असे वर्षानुवर्षे. त्याच्या नाळेवरील रंगाला चाकू लावला तर एकाखाली एक किती तरी रंगांचे थर निघतात, आणि त्या प्रत्येक थरात एकेका हंगामाची मिळकत व कर्ज मिसळलेले असते. हा मचवा जुना आहे. विमान मळलेले आहे. या दोन अवस्था ज्याने एक केल्या त्याची प्रतिकृती कितीही नेत्रसुखद असली तरी खोटी.

याच्या उलट टोकाची चूक वस्तुसंग्रहालयांत होते. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एनएच ६३१ या क्रमांकाचे, आठव्याच जातीचे खरे स्पिटफायर जतन केलेले आहे. त्याची निगा उत्तम राखली गेली व युद्धानंतर अनेक वर्षे ते उडवलेही गेले, याबद्दल कृतज्ञता वाटावी अशीच गोष्ट आहे. परंतु संग्रहालयातील गुळगुळीत चकाकत्या रंगावरून १९४५ सालच्या विमानाची कल्पना करणे म्हणजे लग्नातल्या छायाचित्रावरून माणसाचे रोजचे रूप ठरवण्यासारखे होय. अशा प्रसंगी अस्सल वस्तूपेक्षा काळजीपूर्वक केलेली नक्कल अधिक प्रामाणिक ठरते, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करतो.

‘सिटी ऑफ बॉम्बे’ पथकाचा पुढचा मजकूर थोडक्यात आहे. जपानच्या शरणागतीनंतर १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ते हाँगकाँगला गेले आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये तेथेच विसर्जित झाले. त्याच्या विसर्जनाच्या दोनच महिने आधी, १९४६ च्या फेब्रुवारीत, मुंबई बंदरातील भारतीय नाविकांनी ‘तलवार’ या नाविक तळापासून आरंभ करून बंड पुकारले, तेव्हा त्यांना धाक बसावा म्हणून ब्रिटिश हवाई दलाची विमाने याच पाण्यावरून खालच्या उंचीने फिरवण्यात आली. मुंबईकरांच्या पैशाने नाव मिळवणाऱ्या दलाने मुंबईच्या डोक्यावरून असे जावे, यावर निराळे भाष्य नको.

आणि आता विमान बाजूला ठेवून एक सूचना. रेवसच्या इतिहासात ज्या एका यंत्राची प्रतिकृती सर्वांत आधी व्हावयास हवी ते विमान नव्हे, ती ‘रामदास’ बोट होय. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९३६ साली इंग्लंडातील स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, ती सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपला माल समुद्रात फेकून पाऊणशेच्या आसपास उतारूंना होड्यांत ओढून घेतले. मुंबईला मात्र बातमी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. बोटीची लांबी १७९ फूट, म्हणजे विमानाच्याच १:७२ प्रमाणात सुमारे अडीच फूट. टेबलावर सहज मावेल आणि शेजारी तळहाताएवढे स्पिटफायर ठेवले तर दोहोंचा आवाका एका दृष्टीत येईल. तिच्यावर गंज चढवताना हात आखडता घ्यावा, कारण अकरा वर्षांची बोट ही काही भंगार नव्हे, आणि तो चढवावा तो नांगराच्या भोकांखाली व पाणरेषेलगत. पण सर्वांत अधिक वेळ द्यावा तो कापडाला. पावसाची झड आत येऊ नये म्हणून डेकच्या कडेने ताडपत्रीचे पडदे सोडलेले होते. बोट कलंडली तेव्हा असंख्य माणसे त्या पडद्यांतच अडकली आणि बाहेर पडू शकली नाहीत. उन्हाळ्यातील उघड्या, मोकळ्या डेकची ‘रामदास’ दिसावयास देखणी होईल, पण ती १७ जुलैची ‘रामदास’ होणार नाही. पतंगाचा पातळ कागद पाणी घातलेल्या खळीत भिजवून त्याचे पडदे करावेत, ते ओले असतानाच कठड्यांवरून खाली ओढून तळाशी दोऱ्याने बांधावेत, आणि वाळल्यावर त्यांना भिजलेल्या किंतानाचा गडद रंग द्यावा.